सदतिसाव्या वर्षी जगज्जेता : डच पूलपटू नील्स फेयन

जून २०१४. कतारची राजधानी दोहा. नाइन-बॉल पूलच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेच्या अंतिम सामन्यात नेदरलँड्सच्या नील्स फेयनने ऑस्ट्रियाच्या अल्बिन ऊशानचा १३-१० असा पराभव केला. ऊशान तेव्हा विशीतला होता. फेयनने वयाची सदतीस वर्षे पूर्ण केली होती. १९९० पासून सुरू असलेल्या या स्पर्धेत एखाद्या डच खेळाडूने विजेतेपद पटकावण्याची ती पहिलीच वेळ होती.

उशिरा मिळालेले यश असे या विजयाचे वर्णन त्या वेळी झाले आणि ते चुकीचे नाही. मात्र फेयन हा काही उशिरा चमकलेला खेळाडू नव्हता. तो जगातील पहिल्या फळीत पंचविशी गाठण्यापूर्वीच येऊन बसला होता. तेथून जगज्जेतेपदाच्या पायरीपर्यंत पोहोचायला त्याला तेरा वर्षे लागली. त्या तेरा वर्षांत त्याच्या वाट्याला काही मोठी विजेतेपदे आली, पण मोठ्या अंतिम सामन्यांतील पराभवही जवळजवळ तेवढेच आले. व्यावसायिक पूलपटूची कारकीर्द प्रत्यक्षात कशी असते, हे समजून घ्यायचे असेल तर फेयनच्या कारकिर्दीइतके चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

मराठी वाचकाला पूल म्हटले की आधी नदीवरचा पूल आठवतो, हे मान्यच करायला हवे. त्यानंतर आठवतात ती महाविद्यालयांच्या आसपास निघालेली, तासाच्या भाड्याने टेबल देणारी पार्लर. बिलियर्ड्सची गोष्ट वेगळी. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ मध्ये बिलियर्ड्सचे जागतिक हौशी अजिंक्यपद जिंकले आणि जिमखान्यांतील या खेळाला आपल्याकडे मान मिळवून दिला. स्नूकरही त्याच घरातले. पूल मात्र या दोघांचा अमेरिकेत वाढलेला चुलतभाऊ असून त्याची तब्येत निराळी आहे. स्नूकरचे टेबल बारा फुटी, तर पूलचे नऊ फुटी. पूलमधील पॉकेट अधिक रुंद आणि चेंडू आकाराने मोठे. त्यामुळे पूल हा सोपा खेळ आहे, असा समज स्नूकरच्या चाहत्यांत पसरलेला आहे. चेंडू पॉकेटमध्ये घालणे येथे तुलनेने सोपे असते, हे खरेच. पण त्यामुळेच सामना दुसऱ्याच गोष्टीवर ठरतो.

नाइन-बॉलचा नियम एका वाक्यात सांगता येतो. टेबलावर एक ते नऊ क्रमांकांचे चेंडू असतात, पांढऱ्या चेंडूने नेहमी सर्वांत लहान क्रमांकाच्या चेंडूला प्रथम स्पर्श करावा लागतो आणि जो नववा चेंडू वैधरीत्या पॉकेटमध्ये घालतो तो तो डाव, म्हणजे ‘रॅक’, जिंकतो. पहिले आठ चेंडू कोणी घातले याला काहीही किंमत नाही. एखाद्या खेळाडूने आठ चेंडू निर्दोषपणे घालावेत, नवव्यावर चुकावे आणि प्रतिस्पर्ध्याने खुर्चीतून उठून एका फटक्यात डाव घेऊन जावा, हे या खेळात रोज घडते. शिवाय सुरुवातीच्या ‘ब्रेक’मध्ये चेंडू कसे फुटतील यात नशिबाचा भाग असतो. चांगले फुटले आणि खेळाडू तयारीचा असला, तर प्रतिस्पर्ध्याला त्या डावात क्यू हाती घेण्याचीही संधी मिळत नाही. क्रिकेटमध्ये नॉन-स्ट्रायकरला निदान धाव तरी घेता येते. पूलमध्ये खुर्चीत बसलेल्या खेळाडूला पाणी पिण्यापलीकडे काहीही करता येत नाही. टेबलावरच्या कौशल्याइतकीच या खुर्चीत बसण्याच्या कौशल्याचीही परीक्षा मोठ्या सामन्यांत होते. फेयनची ख्याती जितकी त्याच्या फटक्यांसाठी आहे, तितकीच या दुसऱ्या गोष्टीसाठी आहे.

फेयनचा जन्म ३ फेब्रुवारी १९७७ रोजी द हेग येथे झाला. नेदरलँड्समध्ये बिलियर्ड्सची परंपरा जुनी, पण ती पॉकेट नसलेल्या टेबलाची. डच आणि बेल्जियन कॅफेमध्ये जे टेबल पिढ्यान्‌पिढ्या असायचे, त्याला भोके नसतात. तीन चेंडूंचा तो ‘कॅरम’ प्रकार असून त्यात आपल्या चेंडूने दोन्ही चेंडूंना स्पर्श करून गुण मिळवायचे असतात. त्याच्या ‘थ्री-कुशन’ या अवघड शाखेत गुण धरला जाण्यासाठी चेंडूला किमान तीन वेळा काठावर आपटावे लागते. आपल्या कॅरम बोर्डाशी त्याचा नावापुरताच संबंध. याच शाखेत डच खेळाडू डिक यास्पर्सने २००० ते २०२१ या काळात पाच वेळा जागतिक अजिंक्यपद मिळविले. म्हणजे क्यू हाती घेणाऱ्या डच मुलासमोर आदर्श होते, पण ते वेगळ्या खेळाचे.

लोकप्रियतेचा प्रश्न आणखी वेगळा. द हेगमधूनच आलेला आणि एके काळी टपाल वाटप करणारा रेमंड व्हॅन बार्नेव्हेल्ड डार्ट्समध्ये पाच वेळा जगज्जेता झाला. १९९८ मधील त्याच्या पहिल्या विजयानंतर त्या देशात डार्ट्सची लाटच आली आणि दूरचित्रवाणीवर डार्ट्स पाहणे ही घराघरातील गोष्ट झाली. पूलच्या नशिबी असे भाग्य आले नाही. एकाच शहराने दोन निशाणबाज जगाला दिले, त्यांपैकी एक देशभर नायक ठरला आणि दुसऱ्याची कीर्ती बहुतांशी परदेशातच राहिली, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. पूलमध्ये नाव आणि पैसा मिळवायचा तर अमेरिका, फिलिपाइन्स, तैवान, जपान आणि पुढे आखाती देश अशी पायपीट अटळ होती.

या पायपिटीतच २००१ चे टोकियो आले.

जपानच्या राजधानीत झालेल्या त्या आंतरराष्ट्रीय नाइन-बॉल स्पर्धेत सातशेहून अधिक खेळाडू उतरले होते आणि एकूण बक्षिसांची रक्कम दहा कोटी येन इतकी होती. विजेत्यासाठी दोन कोटी येन, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे १ लाख ६३ हजार डॉलर ठेवलेले होते. तोवरच्या कोणत्याही पूल स्पर्धेतील पहिल्या बक्षिसापेक्षा ही रक्कम मोठी होती. चोवीस वर्षांचा फेयन या गर्दीतून वाट काढत अंतिम फेरीत पोहोचला. पलीकडे होता फिलिपाइन्सचा एफ्रेन रेयेस. ‘जादूगार’ या टोपणनावाने ओळखला जाणारा, पंचेचाळिशी ओलांडलेला, १९९९ चा जगज्जेता. सर्वकालीन श्रेष्ठ पूलपटू कोण, या वादात पहिले नाव बहुधा त्याचेच निघते.

रेयेसने तो सामना १५-७ असा जिंकला. एकतर्फीच म्हणावा असा तो निकाल होता. चोविसाव्या वर्षी सातशे जणांच्या स्पर्धेत दुसरे येणे ही अभिमानाची गोष्ट आहे, यात शंका नाही. पण पूलमध्ये पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकातील अंतर केवळ चषकापुरते नसते. टेनिस किंवा गोल्फमध्ये दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूचे वर्ष सुखाने जाते. पूलमध्ये बक्षिसांचा उतार इतका तीव्र असतो, की विमानाचे तिकीट, हॉटेल आणि प्रवेशशुल्क वजा जाता पहिल्या काही क्रमांकांनंतर हाती फारसे काही उरत नाही. अशा धंद्यात एक अंतिम सामना हरणे म्हणजे पुढच्या कित्येक महिन्यांचे गणित नव्याने मांडणे होय.

पैशाचा हा प्रश्न त्या दशकात सर्वच पूलपटूंना छळत होता. २००६ मध्ये अमेरिकेत ‘इंटरनॅशनल पूल टूर’ या नावाने मोठ्या बक्षिसांची मालिका सुरू झाली. लास वेगासमधील स्पर्धेच्या विजेत्याला, जर्मनीच्या थॉर्स्टन होहमानला, साडेतीन लाख डॉलर जाहीर झाले. त्यानंतर रीनो येथे रेयेसने पाच लाख डॉलरचे पहिले बक्षीस जिंकले. पूलपटूंना आता गोल्फपटूंसारखे दिवस येणार, असे बोलले जाऊ लागले. प्रत्यक्षात रीनोच्या बक्षिसांची रक्कम वेळेवर मिळालीच नाही, खेळाडूंना हप्त्याहप्त्याने पैशांची वाट पाहावी लागली आणि मालिका अल्पावधीतच गुंडाळली गेली. एवढ्यावरच थांबले नाही. २००८ आणि २००९ या दोन्ही वर्षी नाइन-बॉलची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झालीच नाही. फेयन तेव्हा एकतीस-बत्तीस वर्षांचा, म्हणजे खेळाडू म्हणून ऐन भरात होता. ज्या शिखरासाठी माणूस वर्षानुवर्षे सराव करतो, ते शिखरच दोन वर्षे जागेवर नाही, ही परिस्थिती अन्य खेळांतील चाहत्यांना समजणे कठीण आहे.

त्याच २००८ मध्ये फेयनने आपले पहिले जागतिक विजेतेपद मिळविले, ते मात्र दुसऱ्याच प्रकारात. अमेरिकेत झालेल्या ‘स्ट्रेट पूल’च्या जागतिक स्पर्धेत त्याने अंतिम सामन्यात फिलिपाइन्सच्या फ्रान्सिस्को बुस्तामान्तेला हरविले. हा पूलचा जुना, अभिजात प्रकार. यात कोणता चेंडू कोणत्या पॉकेटमध्ये घालणार हे आधी सांगावे लागते, प्रत्येक चेंडूला एक गुण मिळतो आणि पंधरापैकी चौदा चेंडू संपले की ते पुन्हा त्रिकोणात रचून खेळ पुढे चालू राहतो. एकाच पाळीत शेकडो चेंडू घालणे शक्य असते. अमेरिकेचे विली मॉस्कोनी यांनी १९५४ मध्ये एका प्रदर्शनीय सामन्यात न चुकता ५२६ चेंडू घातले आणि तो आकडा पुढे सहा दशकांहून अधिक काळ या खेळाचा मैलाचा दगड मानला गेला. नशिबाला या प्रकारात सर्वांत कमी वाव असल्याने जाणकारांच्या दृष्टीने स्ट्रेट पूलचा विजेता हा कसलेला खेळाडू समजला जातो. अडचण एवढीच, की दूरचित्रवाणीला हा प्रकार संथ वाटतो. त्यामुळे फेयन जगज्जेता झाला, पण सामान्य प्रेक्षकांच्या लेखी अद्याप ‘खरा’ जगज्जेता झालेला नव्हता.

पुढची दोन वर्षे अधिक कठोर ठरली. संयुक्त अरब अमिरातीतील फुजैरा येथे एट-बॉल प्रकाराची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा होत असे. आपल्याकडील पार्लरमध्ये खेळला जातो तो साधारण हाच प्रकार. एकाने अखंड रंगाचे, दुसऱ्याने पट्ट्यांचे चेंडू घालायचे आणि शेवटी काळा आठवा. २०१० च्या अंतिम सामन्यात फेयन आणि इंग्लंडचा कार्ल बॉइज यांच्यात १२-१२ अशी बरोबरी झाली. म्हणजे जगज्जेतेपद एका डावावर आले. तो डाव बॉइजने जिंकला. पुढल्या वर्षी फेयन पुन्हा त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात होता आणि या वेळी फिलिपाइन्सच्या डेनिस ऑर्कोलोने त्याला १०-३ असे सहज हरविले. एकदा एका डावाने आणि एकदा सात डावांनी. या दोन पराभवांपैकी कोणता अधिक झोंबला असेल, हे ज्याचे त्यालाच ठाऊक. त्यातच २०११ मध्ये मनिला येथे झालेल्या टेन-बॉलच्या जागतिक स्पर्धेत त्याचाच देशबांधव हुइजी सी याने विजेतेपद पटकावले. डच पूलला जगज्जेता मिळाला होता. तो फेयन नव्हता.

दुहेरीतही हेच घडत होते. दोन-दोन खेळाडूंच्या संघांसाठी असलेल्या ‘वर्ल्ड कप ऑफ पूल’ स्पर्धेत फेयन आणि निक व्हॅन डेन बर्ग या डच जोडीने २०१३ मध्ये अंतिम फेरी गाठली आणि फिलिपाइन्सकडून हार पत्करली. २०१४ मध्येही ही जोडी अंतिम सामन्यात पोहोचली. समोर डॅरेन ॲपलटन आणि तोच कार्ल बॉइज होते. निकाल लागला इंग्लंडच्या बाजूने १०-९. पुन्हा शेवटचा एक डाव.

इतक्या वेळा दारापर्यंत जाऊन परतलेल्या खेळाडूचे काय होते, याची उदाहरणे सर्वच खेळांत सापडतात. काहींचा हात अखेरच्या फटक्याला थरथरू लागतो, काही जण निवृत्तीची भाषा करू लागतात. फेयनचे ‘द टर्मिनेटर’ हे टोपणनाव या संदर्भात पाहण्यासारखे आहे. गाजलेल्या हॉलिवूडपटातील त्या यंत्रमानवाप्रमाणे थांबवता न येणारा, असा त्याचा अर्थ. पूलपटू म्हणजे रात्री जागणारा, धुराने भरलेल्या खोलीत पैजा लावणारा माणूस, ही अमेरिकन चित्रपटांनी रुजवलेली प्रतिमा आहे आणि ती पूर्णपणे खोटीही नाही. फेयन त्या साच्यात बसत नाही. शारीरिक तंदुरुस्ती, ठरावीक सराव, फटक्यापूर्वीची प्रत्येक वेळी सारखीच असणारी तयारी आणि मनाचा स्वतंत्र अभ्यास यांवर त्याचा भर राहिला. हरलेल्या सामन्याकडे दुर्दैव म्हणून न पाहता दुरुस्त करायची गोष्ट म्हणून पाहण्याची ही पद्धत आहे. ती पाहताना प्रेक्षकाला क्वचित कंटाळवाणी वाटते, हेही खरे. रेयेसच्या खेळात जी जादू असे, ती येथे शोधू नये.

या पद्धतीचे खरे चीज झाले ते सांघिक स्पर्धेत. विली मॉस्कोनी यांच्या नावाने १९९४ पासून खेळवला जाणारा मॉस्कोनी चषक हा युरोप आणि अमेरिका यांच्यातील वार्षिक सामना होय. गोल्फमधील रायडर चषकाच्या धर्तीवर तो बेतलेला आहे. पूलच्या शांत वातावरणाचे सारे संकेत येथे बाजूला ठेवले जातात. प्रेक्षक गाणी म्हणतात, आरोळ्या ठोकतात, फटका मारताना खेळाडूच्या पाठीमागे ढोल वाजावा तसा गोंगाट चालू असतो. छोट्या शर्यतींचे सामने आणि फटक्यासाठी घड्याळाची मर्यादा यांमुळे भल्याभल्यांची भंबेरी उडते. सुरुवातीची बरीच वर्षे येथे अमेरिकेचे वर्चस्व होते. २०१० पासून मात्र युरोपने सलग आठ वर्षे चषक आपल्याकडे राखला आणि या विजयी मालिकेत फेयन संघाचा आधारस्तंभ होता. २०१३ मध्ये लास वेगासमध्ये युरोपने ११-२ असा धुव्वा उडविला, २०१४ मध्ये ब्लॅकपूल येथे ११-५ असा विजय मिळविला. २०१७ च्या संघातही फेयन होता. त्याच संघात पदार्पण करणारा जर्मनीचा जोशुआ फिलर हा त्याच्याहून वीस वर्षांनी लहान होता, यावरून फेयनच्या कारकिर्दीची लांबी लक्षात यावी.

२०१३ मध्येच त्याने निवडक निमंत्रित खेळाडूंची ‘वर्ल्ड पूल मास्टर्स’ ही प्रतिष्ठेची स्पर्धा जिंकली होती. त्यामुळे २०१४ च्या उन्हाळ्यात दोहात दाखल झालेला फेयन हा पराभवांनी खचलेला खेळाडू नव्हता. अंतिम सामना तेरा डाव आधी जिंकणाऱ्याचा होता. ऊशान हा त्या वेळी फारसा प्रसिद्ध नव्हता. महिला पूलमधील आघाडीची खेळाडू यास्मिन ऊशानचा धाकटा भाऊ, अशीच त्याची ओळख अनेकांना होती. अशा प्रतिस्पर्ध्याविरुद्धचा अंतिम सामना अनुभवी खेळाडूसाठी अधिक धोकादायक असतो. हरण्यासारखे त्याच्याकडे काही नसते आणि आपल्याकडे सगळेच असते. सामना १३-१० पर्यंत लांबला तो उगाच नाही. ऊशान हा कोणी योगायोगाने आलेला पाहुणा नव्हता, हे पुढे सिद्धही झाले. त्याने २०१६ आणि २०२१ अशी दोन वेळा हीच स्पर्धा जिंकली. दोहातील विजयाचे मोल त्यामुळे मागे वळून पाहताना वाढलेच आहे.

जगज्जेतेपदाने फेयनच्या बँक खात्यात मात्र क्रांती झाली नाही. दोहातील विजेत्याच्या वाट्याला आलेली रक्कम तेरा वर्षांपूर्वी टोकियोत रेयेसने नेलेल्या रकमेच्या जवळपासही नव्हती. महागाईचा विचार केला तर हे अंतर आणखी वाढते. जगातील सर्वोत्तम म्हणून शिक्कामोर्तब झालेल्या खेळाडूनेही प्रायोजक, प्रदर्शनीय सामने आणि शिकवण्या यांच्या आधारे संसार चालवायचा, ही या खेळाची रीत. फेयननेही अध्यापनाकडे लक्ष वळविले. त्याच्या सराव पद्धतीवरील चित्रफिती आणि धडे जगभरचे हौशी खेळाडू पाहतात. इतकी वर्षे हरण्याजिंकण्याचा हिशेब ठेवणारा माणूस चांगला शिक्षक व्हावा, हे साहजिकच. डच पूलमधील हा गुण त्याच्या एकट्यापुरता नाही. त्याच्याच पिढीतील अलेक्स लेली याने खेळाडू म्हणून नाव मिळवल्यानंतर प्रशिक्षणाचा मार्ग धरला आणि त्याच्या नेतृत्वाखाली युरोपने २०२० ते २०२२ अशी सलग तीन वर्षे मॉस्कोनी चषक जिंकला.

फेयननंतर आजवर कोणत्याही डच खेळाडूला नाइन-बॉलचे जागतिक अजिंक्यपद मिळालेले नाही. स्पर्धेचे रूप मात्र पार बदलले. दोहातील त्या अंतिम सामन्यानंतर बरोबर दहा वर्षांनी, जून २०२४ मध्ये, ही स्पर्धा सौदी अरेबियातील जेद्दा येथे झाली. एकूण बक्षिसे दहा लाख डॉलरची होती. अंतिम सामन्यात फेडोर गॉर्स्टने अल्बानियाच्या एक्लेंट काचीला १५-१४ असे, म्हणजे पुन्हा शेवटच्या एका डावाने, हरविले आणि अडीच लाख डॉलर घेऊन तो घरी गेला. फेयन टोकियोत रेयेससमोर उभा होता त्या वर्षी गॉर्स्टचे वय एक वर्ष होते.